बांडुंग ते योग्याकार्ता: जावाच्या डोंगरांतून दिवसाउजेडी आगगाडीने

इंडोनेशियात रेल्वेला ‘केरेता आपी’ म्हणतात. केरेता म्हणजे गाडी, आपी म्हणजे आग. आपल्या आजीच्या तोंडी असलेला ‘आगगाडी’ हा शब्द तिकडे आजही स्टेशनांच्या पाट्यांवर आणि तिकिटांवर छापलेला असतो. सरकारी रेल्वे कंपनीचं नावच ‘केरेता आपी इंडोनेशिया’, बोलताना नुसतं ‘काई’.

जावा बेटावरच्या या आगगाडीने मी बांडुंग ते योग्याकार्ता हा प्रवास दोनदा केला. पहिल्यांदा रात्रीच्या गाडीने, हॉटेलचा एक दिवस वाचेल म्हणून. रात्रभर काचेत माझाच चेहरा दिसत होता. गाडी कुठे वळते आहे, कुठल्या पुलावरून जाते आहे हे फक्त चाकांच्या आवाजावरून कळायचं. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले, सकाळच्या गाडीने. तेव्हा समजलं की पहिल्या खेपेला आपण हा प्रवास केलाच नव्हता. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: जावात गाडी निवडताना वेग बघू नका, उजेड बघा. तिकीट, सीट, डबा, खाणं या पुढच्या सगळ्या गोष्टी त्या उजेडासाठीच जमवायच्या आहेत.

मार्ग कोणता धरायचा

जाकार्ताहून योग्याकार्ताला, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘जोग्जा’ला, जाणाऱ्या बहुतेक गाड्या उत्तरेकडून चिरेबोनमार्गे जातात. त्या वेगवान आहेत, पण तो मार्ग बराचसा सपाट आहे. डोंगर बघायचे असतील तर आधी बांडुंगला या आणि तिथून दक्षिणेकडच्या मार्गाने पूर्वेला निघा. बांडुंगच्या आसपासच्या या डोंगराळ मुलखाला पराह्यांगन किंवा प्रियांगन म्हणतात. नावाचा अर्थ देवांचं राहण्याचं ठिकाण.

हा लोहमार्ग डचांच्या काळातला. बांडुंगला रेल्वे पोचली १८८४ मध्ये, आणि दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, दक्षिणेकडून ती मध्य जावाला जोडली गेली. रुळांमधलं अंतर १,०६७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त. अरुंद मार्ग असल्याने बांधणाऱ्यांना डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराच्या कुशीला धरून वळणं घेता आली. गाडी इथे हळू चालते ती त्या वळणांमुळे, आणि खिडकीतून इतकं दिसतं तेही त्या वळणांमुळेच.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर जाकार्ता ते बांडुंग हा टप्पाही दिवसाच करा. गांबीर स्टेशनातून ‘पराह्यांगन’ नावाची गाडी सुटते, सुमारे तीन तास लागतात. पुरवाकार्ता मागे पडलं की चढ लागतो. मग ओळीने येतात चिसोमांगचा सुमारे १०० मीटर उंच पूल, सासाकसात हा ९४९ मीटरचा बोगदा आणि चिकुबांगचा १९०६ सालचा ३०० मीटर लांबीचा पूल. ऑक्टोबर २०२३ पासून जाकार्ता ते बांडुंग ‘वूश’ ही ताशी ३५० किलोमीटरची गाडीही धावते. वेळ नसेल तर ती उत्तम आहे. तिने आलात तर पादालारांगला उतरा, तिथून बांडुंग स्टेशनात नेणारी जोडगाडी त्याच तिकिटात मिळते. डोंगर बघायला मात्र ती गाडी नाही.

या मुलखातल्या सुंदानी भाषेत ‘चि’ म्हणजे पाणी, ओढा, नदी. चिसोमांग, चिकुबांग, चिबातू, चिआमिस. स्टेशनाचं नाव ‘चि’ने सुरू झालं की खिडकीबाहेर लक्ष ठेवा, आसपास कुठेतरी दरी असतेच.

गाडी आणि दिवस

बांडुंगहून सकाळी निघणाऱ्या तीन गाड्या लक्षात ठेवा.

‘आर्गो विलिस’ ही सुराबायाला जाणारी सगळ्यात चांगली गाडी. आर्गो म्हणजे पर्वत आणि विलिस हे पूर्व जावातल्या डोंगराचं नाव. जोग्जाला ती साधारण सहा-साडेसहा तासांत पोचवते. ‘लोडाया’ सोलो शहरापर्यंत जाते. तिच्या सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा फेऱ्या असतात. नाव एकच असल्यामुळे तिकीट काढताना सुटण्याची वेळ दोनदा वाचा. तिसरी ‘पासुंडान’, ही स्वस्त इकॉनॉमी गाडी. ती बांडुंगच्या मुख्य स्टेशनातून सुटत नाही, शहराच्या पूर्वेकडच्या कियाराचोंडोंग स्टेशनातून सुटते. कियारा म्हणजे वडाच्या जातीचं झाड, चोंडोंग म्हणजे कललेलं. नाव गोड आहे, पण चुकून मुख्य स्टेशनात जाऊन उभे राहिलात तर शहराच्या ट्रॅफिकमधून वेळेत तिथे पोचणं कठीण आहे.

वेळापत्रक अधूनमधून बदलतं, म्हणून नेमके तास-मिनिटं ॲपवरच बघा. तत्त्व एवढंच, की सकाळी नऊच्या आत सुटणारी गाडी घ्या. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखी लांब संध्याकाळ मिळत नाही. शिवाय या डोंगरांवर दुपारनंतर ढग उतरतात आणि ज्वालामुखींचे माथे झाकले जातात. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो, पण तेव्हा हिरवाई अशी असते की मी पावसाळ्यालाही नाही म्हणणार नाही.

एक काळ मात्र कटाक्षाने टाळा, तो म्हणजे रमजान ईदचा आधीचा आणि नंतरचा आठवडा. आपल्याकडे गणपतीला मुंबईचा चाकरमानी कोकणात जातो, तसा अख्खा जावा तेव्हा गावी निघतो. त्याला ‘मुदिक’ म्हणतात. कोकणच्या गाड्यांची त्या दिवसांतली तिकिटं ज्यांनी काढली आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

तिकीट

तिकिटं साधारण ४५ दिवस आधी खुली होतात. काईचं स्वतःचं ‘ॲक्सेस बाय काई’ हे ॲप आहे आणि संकेतस्थळही आहे, दोन्हीकडे इंग्रजी चालतं. नोंदणी करताना इंडोनेशियन नागरिकांचा सोळा आकडी क्रमांक मागतात, तिथे परदेशी प्रवाशाने पासपोर्टचा पर्याय निवडायचा. आपल्या पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे, तो जसाच्या तसा भरा. नावही पासपोर्टवर आहे तसंच हवं. घरात आईला ‘मंगल’ म्हणत असलो तरी पासपोर्टवर ‘मंगला’ असेल तर तिकिटावर मंगलाच पाहिजे, कारण स्टेशनात दोन्ही शेजारी धरून बघतात.

खरी अडचण येते पैसे भरताना. भारतीय कार्ड कधी चालतं, कधी चालत नाही, आणि पैसे भरायला थोडाच वेळ दिलेला असतो. कार्ड नाकारलं गेलं तर तेच ते परत करत बसू नका. ‘ट्रॅव्हलोका’ किंवा ‘तिकेत’ यांसारख्या प्रवासी ॲपवर तीच गाडी मिळते आणि तिथे परदेशी कार्डं सहसा चालतात. इंडोनेशियात पोचला असाल तर तिसरा मार्ग आहे. ॲपवर बुकिंग करून पैसे भरण्याचा कोड घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या ‘इंडोमारेत’ किंवा ‘अल्फामार्त’ या दुकानात रोख भरायचे. किराणा घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून रेल्वेचं तिकीट काढणं पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण तिकडे ते अगदी रोजचं आहे.

भाडं दिवसागणिक बदलतं आणि आकडे लाखांत दिसतात, त्याने दचकू नका. १,००,००० रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. तीन वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट नको असेल तर भाडं पडत नाही, पण त्याचं नाव बुकिंगमध्ये घालावं लागतं.

वर्ग आणि सीट

एक्झिक्युटिव्ह वर्गात दोन-दोनच्या रांगा, मागे रेलणाऱ्या आणि फिरवता येणाऱ्या सीटा. इकॉनॉमीत डब्याप्रमाणे फरक पडतो. नवे डबे चांगले आहेत, पण जुन्या डब्यांत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा समोरासमोरच्या ताठ सीटा असतात. सात-आठ तास समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. तरुण असाल तर हरकत नाही, आईवडील सोबत असतील तर एक्झिक्युटिव्हच घ्या. वातानुकूलन सगळ्या वर्गांत असतं, आणि ते भलतंच गार असतं. शाल हाताशी ठेवा, वरच्या बॅगेत नको.

आर्गो विलिसला ‘पॅनोरामिक’ डबाही जोडतात. मोठ्या खिडक्या आणि छतालाही काच. भाडं बरंच जास्त. माझं मत असं, की या मार्गावर बघण्यासारखं बहुतेक सगळं बाजूला आणि खाली आहे, डोक्यावर नाही. तेव्हा साध्या एक्झिक्युटिव्हची खिडकी मिळत असेल तर समाधान माना. ती मिळत नसेल तर पॅनोरामिकचा विचार करा.

आता खिडकी कोणत्या बाजूची? नकाशा उघडून बघा. बांडुंगहून पूर्वेला निघाल्यावर गुंटूर, चिकुराय आणि गालुंगुंग हे तिन्ही ज्वालामुखी रुळांच्या दक्षिणेला आहेत, म्हणजे गाडीच्या उजव्या हाताला. तासिकमलायापर्यंत उजवी बाजू सरस. मध्य जावात शिरल्यावर स्लामेत, सुंबिंग, सिंडोरो हे उत्तरेला, म्हणजे डावीकडे येतात, पण ते दूर असतात आणि तोवर दुपार झालेली असते. त्यामुळे निवड एकच करायची तर उजवी. दोन-दोनच्या डब्यात ए आणि डी या खिडक्या. डबा कोणत्या तोंडाने जोडलाय त्यावर उजवं-डावं ठरतं, त्यामुळे दोघं असाल तर एकाने ए आणि एकाने डी घ्या आणि आलटून पालटून बसा. आईने आणि मी तेच केलं. बाजूच्या प्रवाशांना विनंती करायची वेळ आलीच तर खिडकीला शब्द आहे ‘जेंदेला’. गोव्यात ‘जनेल’ म्हणतात तोच हा पोर्तुगीज शब्द. टेबलाला ते ‘मेजा’ म्हणतात, आणि आपण ‘मेज’.

स्टेशनात

पाऊण तास आधी पोचा. बांडुंग स्टेशनाला उत्तरेकडे केबोन कावुंग रस्त्यावर एक दार आहे आणि दक्षिणेकडे दुसरं. टॅक्सी बोलावतानाच कोणतं हवं ते सांगा, नाहीतर वळसा पडतो. आत यंत्रं असतात, त्यावर बुकिंगचा कोड टाकला की बोर्डिंग पास छापून मिळतो. फोनवरचा पासही चालतो.

दारापाशी लोक कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून सरळ आत जाताना दिसतील. ती सोय तिकडच्या नागरिकांसाठी आहे. आपण शेजारच्या माणसाकडे जायचं, पासपोर्ट आणि पास दाखवायचा. सामान माणशी २० किलोपर्यंत फुकट नेता येतं. सामानासाठी वेगळी जागा नाही, सगळं डोक्यावरच्या फळीवर चढवावं लागतं, म्हणून एका प्रचंड बॅगेपेक्षा दोन मध्यम बॅगा बऱ्या. बॅग उचलायला अडलात तर शेजारच्या माणसाला ‘पाक’ म्हणून हाक मारा. वयाने मोठ्या पुरुषाला पाक, बाईला ‘बू’. आपल्या काका-मावशीसारखंच ते आहे, आणि त्या एका शब्दाने माणसं लगेच उठून येतात. गाडीत सिगरेट ओढायला सक्त मनाई आहे, पकडलं तर पुढच्या स्टेशनात उतरवतात.

चार्जिंगसाठी सीटजवळ सॉकेट असतं, तिथे आपला दोन गोल पिनांचा चार्जर बसतो. तीन पिनांचा बसत नाही.

शाकाहारी माणसाने काय खायचं

गाडीत भोजनयान असतं आणि ढकलगाडीवर गरम जेवण फिरवतात. बहुतेक पदार्थ चिकन किंवा बीफचे. नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, त्यातही बऱ्याचदा चिकन आणि अंडं. ‘तान्पा’ म्हणजे शिवाय, हा शब्द पाठ करा. तान्पा आयाम म्हणजे चिकन नको, तान्पा दागिंग म्हणजे मटण-बीफ नको, तान्पा इकान म्हणजे मासे नकोत, तान्पा तलूर म्हणजे अंडं नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तान्पा तरासी. तरासी म्हणजे आंबवलेल्या कोलंबीचा गोळा. तो चटणीत वाटलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. भाजी करणाऱ्यालाही तो मांसाहार वाटत नाही, त्यामुळे नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. सोबत मिळणारे पांढरे-गुलाबी पापडही पुष्कळदा कोलंबीचे असतात.

जेवण आधीच तयार करून डब्यात भरलेलं असल्याने गाडीत काही वगळून मिळेलच असं नाही. आम्ही सकाळी बांडुंगमध्येच तयारी केली: तळलेलं टेंपे, टोफू, केळ्याची भजी म्हणजे पिसांग गोरेंग, आणि पुण्याहून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. टेंपे म्हणजे आंबवून थापलेलं सोयाबीन. आईने पहिला घास संशयानेच घेतला, पण चटणीबरोबर तिने तीन तुकडे संपवले.

खिडकीतून, ओळीने

पहिला पाऊण तास बांडुंगचा विस्तार, कारखाने आणि भातखाचरं. चिचालेंगका मागे पडलं की गाडीचा आवाज बदलतो, चढ लागतो. मग येतं नाग्रेग, ८४८ मीटर उंचीवरचं, इंडोनेशियातलं चालू असलेलं सगळ्यात उंच स्टेशन. आर्गो विलिस तिथे थांबत नाही, पाटी झरकन निघून जाते. पाटी दिसली की फोन खाली ठेवा आणि उजवीकडे बघा.

नाग्रेगनंतर लबाकजेरोच्या दिशेने गाडी उतरायला लागते आणि डोंगराची कड एकदम उघडते. रूळ मोठा वळसा घेतात, इतका की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन आडवं जाताना दिसतं. खाली खोल काडुंगोराचं खोरं, त्यात पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. जावात एकाच वेळी सगळे लावणी करत नाहीत, त्यामुळे एका खाचरात नुसतं पाणी चमकतं, शेजारी पोपटी रोपं, त्याच्या शेजारी पिवळा पडलेला भात, आणि पलीकडे कापणी झालेल्या शेतात धूर. त्या सगळ्याच्या मागे गुंटूर उभा असतो, माथ्याजवळ उघडाबोडका. हे दृश्य फार तर दहा मिनिटांचं. आई काचेला कपाळ टेकवून बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

फोटो काढायचा असेल तर फोनची भिंग काचेला चिकटवून धरा म्हणजे डब्यातलं प्रतिबिंब येत नाही. दार उघडायचा विचारही करू नका.

चिबातूनंतर पुन्हा डोंगर, आणि मग चिपेउंडेउय. हे छोटंसं स्टेशन आहे, पण प्रत्येक गाडीला इथे थांबावंच लागतं. दोन्ही बाजूंना तीव्र उतार असल्याने ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. आपल्या खंडाळ्याच्या घाटात उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासतात, तसंच. तपासणारा माणूस गाडीच्या कडेने वाकून वाकून चालत जातो, प्रत्येक चाकापाशी क्षणभर थांबतो. या कामाचं मोल कळायला पुढचं स्टेशन पुरेसं आहे. चिराहायूचं जुनं नाव त्रोवेक, आणि २४ ऑक्टोबर १९९५ च्या रात्री तिथेच उतारावर अनावर झालेली गाडी दरीत गेली होती. मी चिपेउंडेउयला खिडकीतून त्या माणसाला हात केला.

पुढे उतार संपतो, उजवीकडे गालुंगुंग दिसतो आणि तासिकमलाया येतं. त्यानंतर मानोंजाया आणि चिआमिस यांच्यामध्ये चिराहोंगचा पूल आहे, १८९३ सालचा, २०२ मीटर लांब, चितांदुय नदीपासून ६६ मीटर उंच. त्याचं वैशिष्ट्य गाडीत बसून दिसत नाही, म्हणून माहीत असायला हवं: रुळांच्या खाली, त्याच लोखंडी सांगाड्याच्या पोटातून रस्ता जातो. आपण वरून धडधडत जात असतो तेव्हा खाली फळ्यांवरून लोक जात असतात.

बांजारनंतर जमीन सपाट होते. आता जेवा, डुलकी काढा, डावीकडच्या खिडकीला या.

उतरताना

जोग्जाला दोन मोठी स्टेशनं आहेत. मुख्य स्टेशनाला लोक ‘तुगू’ म्हणतात, आर्गो विलिस आणि लोडाया तिथे थांबतात. पासुंडानसारख्या इकॉनॉमी गाड्या लेंपुयांगान स्टेशनात थांबतात. हॉटेल ठरवताना आपलं स्टेशन कोणतं ते बघून ठरवा. तुगूच्या दक्षिणेकडून बाहेर पडलात की मालिओबोरो हा मुख्य रस्ता पायी गाठता येतो.

तिथे दोन गोष्टी. ‘बाकपिया’ घ्या, त्यातही ‘काचांग हिजाऊ’, म्हणजे हिरव्या मुगाची. पातळ पापुद्र्यात गोड मुगाचं पुरण असतं, आईने त्याला छोटी पुरणपोळी असंच नाव दिलं. आणि गुदेग खाणार असाल, म्हणजे नारळाच्या दुधात गूळ घालून तासन्‌तास शिजवलेला कच्चा फणस, तर ‘तान्पा क्रेचेक’ म्हणायला विसरू नका. सोबत वाढतात ते लालसर मऊ तुकडे गाई-म्हशीच्या कातड्याचे असतात.

दुसऱ्या दिवशी प्रांबानानची मंदिरं बघायची असतील तर टॅक्सी नको. तुगूहून सोलोच्या दिशेची लोकल पकडा आणि ब्रांबानान स्टेशनात उतरा. स्टेशनाचं नाव ‘ब’ने सुरू होतं, मंदिराचं ‘प’ने, नकाशात शोधताना गोंधळ होतो. तिथून मंदिर जवळ आहे, सकाळी लवकर निघालात तर चालतही जाता येतं.